मांडीवरचं मूल

मंचरच्या कापडपेठेतला सुभाषचंद २००३ साली घराण्याची सचित्र वंशावळ छापायला निघाला आणि जुने फोटो मागायला कळंबला कंचनकाकीकडे आला. काकीने ट्रंकेतून अल्बम काढून दिला. चाळता चाळता तो एका फोटोपाशी थांबला. स्टुडिओतल्या खुर्चीवर तरुण काकी बसली होती आणि तिच्या मांडीवर अंगडं-टोपडं घातलेलं बाळ होतं. "काकी, हा मीच ना? माझा लहानपणीचा दुसरा फोटोच नाही. तुम्हाला कापतो आणि नुसता मी घेतो." काकीने त्याच्या हातातला वंशावळीचा कागद ओढून पाहिला. काकांच्या नावाखाली 'निर्वंश' लिहिलं होतं. "तुझी आई बाळंतपणातच गेली. मग तुला लहानाचं मोठं कोणी केलं रे?" "तुम्हीच की. पण वंशावळीत रक्ताचं नातंच धरतात, काकी." "मग फोटोही रक्ताच्या माणसाकडून घे," म्हणत काकीने अल्बम मिटला. सुभाषचंद गडबडला. त्याने घाईघाईने खिशातलं पेन काढलं. "खोडतो ना मी! काकांच्या खाली दत्तक म्हणून माझंच नाव घालतो. फोटो तेवढा द्या." काकीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एका फोटोसाठी आई बदलायला निघालास होय?" तिने अल्बम ट्रंकेत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "ते निर्वंश राहू दे तसंच. माझ्या नावाखाली तुझ्यासारखं पोर दिसण्यापेक्षा ते बरं."