चिंचेखालचा ठिपका

वाघोलीच्या साइटवर इंद्रजीतने प्रत्येक कामगाराच्या गळ्यात इलेक्ट्रॉनिक कार्ड अडकवलं. तेव्हापासून कोण कुठे आहे ते ऑफिसातल्या पडद्यावर ठिपक्यांनी दिसू लागलं, आणि तो स्वतः त्या पडद्यापुढून हलेनासा झाला. रात्रीचा डबासुद्धा घरून तिथेच येऊ लागला.

एक ठिपका मात्र त्याला खुपत होता. बाकीचे मजले चढत-उतरत होते, हा सकाळपासून गेटजवळच्या चिंचेखाली ढिम्म.

त्याने मुकादमाला हाक मारली. "हमीदभाई, हा कोण बहाद्दर सावलीत बसून असतो? आजच घरी पाठवा त्याला."

हमीदभाईंनी ठिपका पाहिला आणि दाढी खाजवली. "साहेब, ते तुम्हीच सांगा. माझी हिंमत नाही."

"का? पुढारी आहे का कोणी?"

"त्याहून वरचे आहेत."

इंद्रजीत तणतणत चिंचेपाशी पोचला. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत, पांढऱ्याशुभ्र धोतरावर पिवळं हेल्मेट घालून त्याचे वडील दत्तोबा बसले होते. गळ्यात कार्ड होतं.

"आबा! हे कार्ड तुम्हाला कोणी दिलं?"

"हमीदकडनं मागून घेतलं. घरी तुझं त्वांड दिसत न्हाई. हितं आलो, तर तू दिसभर त्या ठिपक्यांकडंच बघत बसतूस." दत्तोबांनी छातीवरचं कार्ड नीट सरळ केलं.

 

"मग म्हणलं, आपुन बी ठिपका व्हावं. आलास का न्हाई पळत?"