पर्याय कुठायत?

“अहो ताई, पुस्तक काय कीर्तन ऐकल्यासारखं रंगून वाचताय? फुटलेले प्रश्न घोका अन् सुटा!” तीन दिवसांत डेटाबेसचं प्रमाणपत्र पटकावलेला हृषीकेश खिदळला.

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये वीस वर्षं काढलेल्या जयमालाताईंना साहेबांनी बजावलं होतं, ही परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा. तरी घोकायला मन धजेना. पोपटपंची करणाऱ्याला कीर्तनकार बुवा कोण म्हणेल?

परीक्षेच्या आदल्या दिवशी ग्राहकाचा डेटाबेस कोसळला. प्रमाणपत्रवाला पडद्यासमोर घामाघूम झाला.

“अरे, कर काहीतरी!” साहेब ओरडले.

“सर, पण... पर्याय कुठायत? चारांतला एक निवडायचा असतो ना?”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “ताई, तुम्ही वाचलंय ना? बसा.”

ताईंनी पदर खोचला. “सरक रे पोपटा. कीर्तनाला मी उभी राहते. तू मागे टाळ धर, अन् कालचा बॅकअप शोध.”