डावा कान

"मी तर त्या कानात रोज शिव्या घालायची," धाकटी सून म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता माणसं हसली.

म्हातारीला जाऊन आठ दिवस झाले होते. लाँड्रीचं शटर अर्धं खाली ओढून घरची माणसं इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती बसली होती. एक्क्याण्णव वर्षं जगलेली बाई, आठवणींना काय तोटा! नवरा लवकर गेला, पदरात तीन पोरं, तरी एका इस्त्रीवर तिनं हा धंदा उभा केला. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलातले टेबलक्लॉथ, साहेबलोकांचे कोट. खिशात काही सापडलं की ते धुतल्या कपड्याबरोबर माघारी जायचं, मग जुनं तिकीट का असेना. पंच्याऐंशीव्या वर्षीसुद्धा कॉलरला सुरकुती दिसली की कारागिराला विचारायची, "हे तू घालशील का?"

पण गप्पा फिरून फिरून त्या कानावरच येत होत्या. दुकानातला बॉयलर फुटला तेव्हा म्हातारीचा डावा कान गेला. तेव्हापासून सगळं घर तिच्या डाव्या हाताला बसायला टपलेलं. उजवीकडून बोलायचं ते तिच्यासाठी, डावीकडून बोलायचं ते आपल्यासाठी. लेकीनं आपलं पहिलं प्रेम तिथंच सांगितलं. नातू नापास झाला, तोही आधी तिथंच.

"आणि भाजीत मीठ नाही, हेही मी तिथंच सांगायचो," जावई म्हणाला.

"ते उजवीकडून सांगायचं होतं," लेक म्हणाली. "आमची तरी त्या अळणी भाजीतून सुटका झाली असती."

थोरला लेक तेवढा हसत नव्हता. त्यानं त्या कानात एकच गोष्ट सांगितली होती. चव्वेचाळीस वर्षं, दरसाल, बॉयलर फुटला त्याच तारखेला. 'आई, त्या दिवशी वाफ बाहेर सोडायचा कॉक उघडायला मी विसरलो.' सतरा वर्षांचा होता तेव्हा. सगळ्यांनी जुन्या बॉयलरवर खापर फोडलं आणि हा गप्प बसला, तो बसलाच. उजव्या कानाशी जायची छाती झाली नाही. डावीकडे उभा राहून पुटपुटायचा. आई इस्त्री फिरवता फिरवता विचारायची, "काय रे?"

"काही नाही."

"काही नाही ना? मग झालं तर." आणि पुढची चादर ओढायची.

पुढच्या वर्षी उजवीकडून सांगू, पुढच्या वर्षी सांगू, असं करता करता बाईच गेली. आता सांगायचं कुणाला?

तेवढ्यात शटरखालून वाकून, गुडघ्यांना नावं ठेवत मावशी आत आली. नात्याची नव्हे. शेजारच्या टेबलावर म्हातारीबरोबर तीस वर्षं इस्त्री केलेली. हल्ली आपल्या लेकीकडे लांब राहायची, म्हणून यायला उशीर झाला. रडणं उरकलं, पाणी प्याली, मग म्हणाली, "मी आले तेव्हा कसला गं हशा चालला होता?"

"आईंच्या बहिऱ्या कानाचा," धाकटी सून म्हणाली.

"बहिरा कुठला? वर्ष भरता भरता परत आला होता की तो! कुणाला सांगू नकोस म्हणाली म्हणून मी तोंड शिवलं. आता ती नाही, आता कशाला लपवू?"

धाकट्या सुनेनं तोंडावर हात धरला. जावई आपल्या चपलांकडे बघायला लागला.

थोरला उठला. टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आला. "मावशी... मग तिनं आम्हाला सांगितलं का नाही?"

"मीसुद्धा तिला हेच विचारलं. चांगली भांडले. म्हटलं, कान असून बहिरी म्हणवून घेतेस, वेड लागलंय का तुला?"

"मग? काय म्हणाली?"

मावशीनं त्याच्याकडे नीट बघितलं.

"म्हणाली, कान आलाय असं सांगितलं, तर माझ्या थोरल्यानं बोलायचं कुठं?"