शेवटचा फोन

"आई, बीपीची गोळी बंद करा, असा मेसेज तू पाठवलास? तोही एक्केचाळीस जणांना?" औषधांचं दुकान चालवणाऱ्या लेकीने कपाळाला हात लावला.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, खाली डॉक्टरांचं नाव होतं!"

"असा डॉक्टरच नाहीये कुठे. आता खोटं आहे म्हणून लिहून टाक."

"खोटं सगळे वाचतात गं, माफी कोण वाचतंय?" असं म्हणत काकूंनी चष्मा चढवला आणि एकेकाला फोन लावायला घेतला. एका मैत्रिणीने गोळी खरंच सोडली होती. तिला फोन चालू ठेवूनच घ्यायला लावली. बाकीचे हसले. चाळीस फोन झाले, उरल्या मोठ्या नणंदबाई. बीपी सगळ्यांत जास्त त्यांचंच. काकूंनी मनातल्या मनात देवाचा धावा केला.

"वन्सं, माझा मेसेज वाचून गोळी नाही ना हो थांबवली?"

"अगं, तीस वर्षांत तुझं एक तरी ऐकलंय का मी?"

काकूंनी फोनलाच हात जोडले. "नका ऐकू हो वन्सं, जन्मभर अशाच राहा!"