उजवा की डावखुरा

“डावखुऱ्याला बक्षीस दिलं तर तो अन्याय होईल,” शांताराम खुर्चीच्या पाठीवर हात आपटून म्हणाले.

“बाबा, आकडे बघा ना. डावखुऱ्याच्या नऊ डावांमागे दोन धावासुद्धा निघत नाहीत. तुमच्या उजव्याला तीन पडतात.” हर्षवर्धनने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

“पडू देत. डावखुरा महिनाभर खांदा धरून घरी बसला होता. माझा उजवा चैत्रापासून नवरात्रापर्यंत एकदा तरी चुकला का?”

“चुकला नाही म्हणून बक्षीस? मग आपल्या दूधवाल्याला द्या.”

“द्यायलाच पाहिजे दूधवाल्याला.”

स्वयंपाकघरात आशालता वालाच्या शेंगा सोलत होती. म्हणजे सोलायला बसली होती. दोन शेंगा झाल्या की उठून दाराशी यायची, नवऱ्याकडे आणि मुलाकडे बघायची, परत जायची. अमेरिकेतला बेसबॉलचा हंगाम संपून पंधरवडा उलटला होता. उरला होता तो एवढाच वाद, वर्षाचा सर्वोत्तम पिचर कोण. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, एवढं तिलाही कळायला लागलं होतं. आज त्याचाही निकाल होता. तो लागला की हे दोघं भांडणार कशावर?

गोखिवऱ्यातलं शेत विकायला हर्षवर्धननेच चुलत्यांना तयार केलं होतं. शांतारामांनी सही केली आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलणं टाकलं. शेताच्या जागी इमारत उभी राहिली, तिच्यातच तिसऱ्या मजल्यावर हे तिघं राहायला आले. घर नवं, पण बोलणं सगळं आशालतेच्या तोंडून. “त्याला सांग, गिझर बंद कर.” “बाबांना सांग, विजेचं बिल भरलंय.” दोघंही चार हातांवर बसलेले, आणि निरोप्या मात्र हीच.

मग हर्षवर्धनला घरबसल्या एक नोकरी लागली. पहाटे उठायचं, अमेरिकेतले सामने बघायचे आणि पडणाऱ्या प्रत्येक चेंडूची नोंद करायची. एका सकाळी शांताराम त्याच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. मग म्हणाले, “हा टाकनारा सारखी पायाखालची माती का उकरतो रे?”

आशालतेच्या हातातलं पीठ हातातच राहिलं होतं. ‘रे’ म्हणाले होते.

तेव्हापासून रोज पहाटे दोन खुर्च्या शेजारी. उभ्या भातावर पाखरं उतरली की शांतारामांची गोफण कशी फिरायची, ते तिने लग्न झाल्या वर्षापासून पाहिलेलं. मागे चार वर्षांचा हर्षा, ढेकूळ उचलून बापासारखा हात फिरवायचा आणि स्वतःच तोल जाऊन चिखलात बसायचा. खांदा कोणाचा चांगला, कोणाचा दुखरा, हे शांताराम पडद्यावर बघून सांगत. लेक आकडे काढून त्यांना खोटं पाडी.

एकदा तिने नवऱ्याला विचारलं होतं, “अहो, एवढा आवडतो का हो तुम्हाला तो खेळ?”

“डोकं उठतं माझं,” ते हळूच म्हणाले होते. “पन त्याचं काम आहे ना ते. त्याच्या कामातलं बोललो, तर तो बोलतो.”

हल्ली हर्षवर्धन नऊ वाजले की बाईक काढून कामणला जायचा. दिवसाचं काम आता तिकडच्या ऑफिसात बसून करावं लागतं, एवढंच त्याने सांगितलं होतं. तरी पहाटेची खुर्ची त्याने सोडली नव्हती.

“आला निकाल,” हर्षवर्धन म्हणाला.

आशालता दारात येऊन उभी राहिली.

“कोन?” शांतारामांनी विचारलं.

“डावखुरा.”

शांताराम पडद्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला. भांडतील, ओरडतील, तिकडच्या पंचांना शिव्या घालतील असं तिला वाटलं. ते नुसते उठले. खुर्ची उचलून भिंतीला लावली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि जाता जाता तिच्याकडे बघून म्हणाले, “त्याला सांग, गिझर बंद करू नको. मी आंघोळीला चाललो.”

न्हाणीघराचं दार लागलं.

हर्षवर्धन लॅपटॉप मिटत होता. त्याच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती. आशालता भिंतीला लावलेल्या खुर्चीत येऊन बसली. या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती.

“हर्षा, एक सांगू? त्यांना तुझ्या त्या खेळातलं काही आवडत नाही रे. उजवा नाही, डावखुरा नाही. तुझं काम म्हनून पहाटे उठून बसतात. तुझ्याशी बोलायला मिळावं म्हनून.”

हर्षवर्धनचा हात लॅपटॉपवरच राहिला. आतून पाण्याचा आवाज येत होता.

“आई,” तो खाली बघत म्हणाला, “ते काम श्रावणातच सुटलं माझं. कामणला गोडाऊनमध्ये लागलोय. बाबांना एवढा नाद लागलाय, उगाच त्यांचा विरस कशाला, म्हणून रोज उठत होतो. त्यांना सांगू नकोस.”

आशालता उठली. तीच खुर्ची तिने ओढत न्हाणीघराच्या दारासमोर नेऊन ठेवली.

“मी नाही सांगनार,” ती म्हणाली. “तूच सांग.”