पहिला भाव

"सोबत कोण आहे? जरा बाहेर या," डॉक्टर प्यो दारातूनच म्हणाले.

ग्युसिक बायकोला नळीने जवाचं पाणी पाजत होता. बोकरये खाटेवर उताणी पडून होती. सकाळी जांघेतून नळी घालून तिच्या यकृतातल्या गाठीपर्यंत औषध सोडलं होतं आणि गाठीचा रक्तपुरवठा तोडला होता. आता जांघेवर वाळूची पिशवी होती. संध्याकाळपर्यंत पाय वाकवायचा नाही, अशी ताकीद होती.

"जा, ऐकून या," ती म्हणाली. "आणि तोंड धुऊनच आत या. तुमच्या तोंडावर सगळं छापलेलं असतं."

बाहेर डॉक्टरांनी आवाज खाली आणला. गाठीचा आकार, रक्ताचे रिपोर्ट, सगळं गणितात घातलं होतं आणि किती दिवस उरले, त्याचा आकडा निघाला होता. "तुमच्या मुलाचा फोन आला होता. आईला कळू देऊ नका म्हणाले. तेव्हा तुम्हालाच सांगतो."

तसाच फोन ग्युसिकलाही आला होता आणि तो हो म्हणाला होता. जन्मभर शाळेच्या ग्रंथालयात बसलेला हा माणूस सगळ्यांनाच हो म्हणत आला होता. आणि रीतही तीच होती. आकडा घरच्यांना सांगायचा, पेशंटला नासपती सोलून द्यायची.

"थांबा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की डॉक्टरांना वाकावं लागलं. "मला सांगू नका. तिला सांगा. ती ऐकेल तेव्हाच मी ऐकेन."

"पण आजोबा, तुमचा मुलगा…"

"मुलगा तिकडे सोल शहरात आहे. गाठ तिच्या पोटात आहे."

स्वतःचं बोलणं ऐकून त्याचेच कान तापले.

दोघं आत आले तेव्हा सहा खाटांच्या त्या खोलीतल्या बाकीच्या बायका तोंडातला घास चावायच्या थांबल्या. डॉक्टरांनी पडद्याला हात घातला.

"राहू द्या," बोकरये म्हणाली. "पडदा ओढला की या सगळ्या आणखी जवळ येतात. बोला."

डॉक्टरांनी ग्युसिककडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"तुमच्यासारखी गाठ, तुमच्यासारखं रक्त असलेले जे पेशंट असतात, आजी, त्यांतल्या निम्म्यांना… साधारण दीड वर्ष मिळतं."

ग्युसिक वाळूच्या पिशवीकडे बघत राहिला. बोकरये छताकडे बघत होती. जागाल्चीच्या बाजारात तिने सगळा जन्म मासळी विकली होती.

"दीड," ती म्हणाली. "हा झाला तुमचा पहिला भाव."

"आजी, भाव नाही हो हा. हे गणित आहे."

"पहिल्या भावाला मी शिळा बांगडासुद्धा दिलेला नाही. वर चला."

डॉक्टरांनी हातातल्या फाइलचं पान उलटलं. "तशी… तीन वर्षं काढलेलीही माणसं आहेत माझ्याकडे."

"बघा! एका दमात दुप्पट! मघापासून कुठे दडवून ठेवली होती ती?"

"साडेतीन!" खिडकीजवळच्या खाटेवरून मिर्यांग गावची बाई ओरडली. मागच्या आठवड्यात तिच्या पोटातही हेच औषध सोडलं होतं.

"चार!" दाराकडून कोणीतरी म्हणालं. नर्स धावत आली.

"अगं बायांनो, ओरडता काय?" बोकरये म्हणाली. "लिलावात गिऱ्हाईक कधी ओरडतं का? बोटं दाखवा, बोटं!"

खाटाखाटांवरून हात वर झाले. काहींना सलाइनच्या नळ्या लोंबत होत्या. डॉक्टर प्यो फाइल छातीशी धरून उभे होते.

"आणि तुम्ही हो?" बोकरये नवऱ्याला म्हणाली. "फुकट बघायला आलात?"

ग्युसिक उठून उभा राहिला. त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि दहाही बोटं उघडली. नर्सने दोनदा सांगितलं, तरी त्याने हात खाली घेतले नाहीत.