डिस्क कोण लावतं?

ही गेल्यावर हिची हलतीबोलती अशी एकच डिस्क घरात उरली. रोज संध्याकाळी मी ती लावायचो आणि ही हसते तिथे थांबवायचो. दुसऱ्या दिवशी मात्र प्लेअर भलत्याच जागेवरून सुरू व्हायचा.

"काका, याला रिझ्यूम म्हणतात," दुरुस्तीवाला म्हणाला. "शेवटचं जिथे थांबवलं, तिथूनच लागतं. तुमच्या माघारी कुणीतरी बघतंय."

माझा संशय सुनेवर. डिस्कवर ओरखडा पडला तर मी काय बघू? मुलगा तर आईचा विषयच टाळायचा. "बाबा, तेच तेच किती उगाळाल?"

आज दुपारी चपला हातात घेऊन घरात शिरलो.



पडद्यावर ही बोलत होती, आवाज म्यूट होता, आणि मुलगा हळूच उत्तर देत होता, "हो गं आई, जेवलो."